एका घरातील दोन गट : हाफकिन यांनी लस कशी पारखली?

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांना नवे नाही. सर्पदंशावरील प्रतिविष आणि पोलिओचे डोस यांमुळे ते महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते ते वाल्डेमार हाफकिन मात्र वैद्यकीय डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. पटकी आणि प्लेग या दोन भयंकर रोगांवरील लसी त्यांनी तयार केल्या हे बहुतेकांना ठाऊक असते. पण लस खरोखर गुणकारी आहे की नाही, हे ठरवण्यासाठी त्यांनी जी पद्धत वापरली, तीही तितकीच महत्त्वाची आहे.

हाफकिन यांचा जन्म 1860 मध्ये, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तिथल्या विद्यापीठात इल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू होते. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हा शोध याच मेचनिकॉव्ह यांचा. हाफकिन यांनी सुरुवातीला एकपेशीय जीवांचा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पॅरामेशियमच्या पेशीत शिरून राहणाऱ्या जीवाणूंचे वर्णन त्यांनी 1890 मध्ये प्रसिद्ध केले. ज्यू असल्यामुळे रशियात त्यांना विद्यापीठातील पद मिळणे अशक्य होते. ते आधी जिनिव्हाला आणि 1889 मध्ये पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तिथे त्यांना पहिली जागा मिळाली ती ग्रंथालयात साहाय्यकाची.

त्या काळी युरोपात पटकीच्या साथी येत होत्या. हाफकिन यांनी पटकीचे जंतू एका गिनीपिगमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पुढे पुढे नेऊन अधिक जहाल केले आणि दुसरीकडे उष्णतेने त्यांचा जोर कमीही केला. आधी सौम्य, मग जहाल अशी दोन वेळा टोचायची लस त्यातून तयार झाली. 18 जुलै 1892 रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, पण काही दिवसांत ते बरे झाले.

या धाडसाने लस घातक नाही एवढेच दिसले. ती रोगापासून वाचवते, हे सिद्ध झाले नाही. सजीवांच्या अभ्यासातील मुख्य अडचण इथेच आहे. मिठाचे दोन खडे पाण्यात सारखेच विरघळतात, पण दोन माणसे सारखी नसतात. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्यांपैकी एकाला पटकी होते आणि दुसऱ्याला होत नाही. मग टोचून घेतलेला माणूस वाचला तर तो लसीमुळे वाचला, की तो तसाही वाचलाच असता? याचे उत्तर एका माणसाकडे पाहून मिळत नाही. त्यासाठी न टोचलेली, पण बाकी सर्व बाबतींत तशीच असलेली माणसे शेजारी लागतात.

अशी परीक्षा भारतात घेता येईल म्हणून हाफकिन 1893 मध्ये कलकत्त्याला आले. पुढच्या वर्षी तिथल्या कट्टल बागान या झोपडवस्तीत पटकी सुरू झाली. वस्तीतील सुमारे 200 लोकांपैकी 116 जणांनी टोचून घेतले. त्यानंतर जे आजारी पडले, ते सगळे न टोचलेल्यांपैकी होते. दोन-सव्वादोन वर्षांत हाफकिन यांनी देशभर फिरून चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. त्यासाठी कोणावरही सक्ती केली नाही.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली आणि तिच्यापुढील व्हरांडा ही त्यांची प्रयोगशाळा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जीवाणू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. हाफकिन यांनी मांसरसात तो वाढवला. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की जीवाणूंची वाढ थेंबांना धरून खाली लोंबत असे. ती हलवून तळाशी पाडायची आणि पुन्हा नवी वाढू द्यायची. पुरेशी वाढ झाली, की उष्णतेने जीवाणू मारायचे. अशी मेलेल्या जीवाणूंची लस तीन महिन्यांत तयार झाली. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी तिची मोठी मात्रा आधी स्वतःला टोचून घेतली.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सर्व कैद्यांचे अन्न, काम आणि राहण्याची जागा सारखी, त्यामुळे तुलनेला आधार होता. सुमारे निम्मे कैदी स्वेच्छेने टोचून घ्यायला पुढे आले. काहींना त्याच दिवशी रोगाची लक्षणे दिसली, कारण जंतू त्यांच्या शरीरात आधीच शिरलेले होते. ते वगळता टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. न टोचलेल्यांपैकी बारा आजारी पडले आणि त्यांतले सहा दगावले.

तरीही एक शंका उरते. जे आपणहून पुढे येतात, ते मुळातच अधिक धडधाकट असले तर? या शंकेला उत्तर मिळाले 1898 मध्ये, बडोद्याजवळच्या उंढेरा गावात. तिथे घराघरांत जाऊन प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली गेली. घर एक, चूल एक, उंदीरही तेच. प्लेग ज्या 28 कुटुंबांत शिरला, त्यांत न टोचलेली 64 माणसे होती. त्यांपैकी 27 आजारी पडली आणि 26 मेली. टोचलेली 71 होती. त्यांपैकी 8 आजारी पडली आणि 3 मेली. म्हणजे एका बाजूला शंभरात चाळीस मृत्यू, तर दुसऱ्या बाजूला शंभरात चार. लस पूर्ण संरक्षण देत नाही हे यातून दिसले. ती किती संरक्षण देते, तेही दिसले.

याच काळात घरोघरच्या सक्तीच्या तपासण्यांमुळे लोक सरकारवर चिडलेले होते. पुण्यात त्याची परिणती 1897 मध्ये रँडच्या हत्येत झाली. लशीबद्दलही अफवा होत्या. आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली.

मग 30 ऑक्टोबर 1902 चा दिवस उजाडला. पंजाबातील मुलकोवाल या गावी 107 जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यांपैकी 19 जण पुढील काही दिवसांत धनुर्वाताने मेले. चौकशी आयोगाने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेवर भर दिला होता, हे त्यांच्याविरुद्ध गेले. त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

पण इथेही प्रश्न तुलनेचाच होता. त्या दिवशी गावात लशीच्या पाच बाटल्या उघडल्या गेल्या. मेलेले सर्व 19 जण एकाच बाटलीचे होते. उरलेल्या चार बाटल्यांची लस घेतलेल्यांना काहीच झाले नाही. ती बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते बाटलीत आधीपासून वाढत असते तर उघडताना दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये हा पुरावा जाहीरपणे मांडला. त्यानंतर हाफकिन दोषमुक्त झाले.

ते पुन्हा भारतात आले, पण मुंबईत जागा रिकामी नव्हती म्हणून कलकत्त्याला. लोकांमध्ये जाऊन नव्या लसीची परीक्षा घेण्याची संधी त्यांना पुन्हा मिळाली नाही. काही वर्षांनी निवृत्त होऊन ते युरोपात परतले. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर तिथून प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हाफकिन यांचे निधन झाले.

प्लेगवर आज प्रतिजैविके आहेत आणि हाफकिन यांची ती लस मागे पडली आहे. मात्र कोणतीही नवी लस किंवा औषध बाजारात येण्यापूर्वी आजही दोन सारख्या गटांत त्याची तुलना होते. कोण कोणत्या गटात जाईल हे आता चिठ्ठी टाकल्यासारखे, कोणाच्याही मर्जीशिवाय ठरवले जाते. एखाद्या काढ्याने किंवा गोळीने शेजारचे गृहस्थ बरे झाल्याचे कानावर आले, तर विचारायचा प्रश्नही तोच आहे : ज्यांनी ते घेतले नाही, त्यांचे काय झाले?