हिरा आणि सर चंद्रशेखर वेंकट रामन

नंदुरबारहून नवापूरमार्गें पश्चिमेस जाणारी आगगाडी सुरतेस पोंचते. तेथें हजारों कारागीर हिऱ्यांस पैलू पाडीत असतात. त्यांच्या लेखीं हिऱ्याचें मोल त्याच्या तेजांत व वजनांत. परंतु हाच खडा निराळ्या दृष्टीनें न्याहाळणारे एक थोर पुरुष आपल्या देशांत होऊन गेले. त्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजीं तिरुचिरापल्ली येथें झाला. १९०७ सालीं ते सरकारी हिशेबखात्यांत अधिकारी झाले. त्या नोकरीनिमित्त कांहीं काळ त्यांचें वास्तव्य नागपुरासही होतें. कलकत्त्यास कचेरी सुटली कीं ते प्रयोगशाळा गांठीत. १९१७ सालीं मोठ्या पगाराची ती नोकरी सोडून त्यांनीं कमी वेतनाची प्राध्यापकी पत्करली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं त्यांस असें आढळलें कीं, पदार्थांतून विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा अंश आपला रंग बदलतो व हा बदल त्या पदार्थांतील कणांच्या कंपनावर अवलंबून असतो. या शोधाबद्दल १९३० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

१९३३ सालीं ते बंगलोरास गेले, आणि पुढें हिऱ्याचा त्यांस जणूं ध्यासच लागला. कांहीं हिरे अतिनील किरणांस अडवितात, तर कांहीं त्यांस वाट देतात. हा भेद खुद्द स्फटिकाच्या घडणीचा आहे, असें रामन यांनीं प्रतिपादिलें. लंडनच्या कॅथलीन लॉन्सडेल प्रभृति संशोधकांस तें मान्य झालें नाहीं, वाद रंगला. १९५९ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें कीं, किरण अडविणाऱ्या हिऱ्यांत नत्रवायूचे अणु मिसळलेले असतात. रामन यांची उपपत्ति टिकली नाहीं. २१ नोव्हेंबर १९७० रोजीं ते निवर्तले.

मग ते श्रम वाया गेले काय? मुळींच नाहीं. १९७९ सालीं असें दिसून आलें कीं, हिऱ्याच्या एका विशिष्ट पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन विनासायास बाहेर पडतात. धातूंत मात्र त्यांस मोठा अडसर ओलांडावा लागतो. हें हायड्रोजनच्या अणूंच्या आच्छादनामुळें घडतें, हें पुढें उमगलें. इलेक्ट्रॉन देणारे असे पृष्ठभाग मिळावे म्हणून शास्त्रज्ञ वायूंपासून हिऱ्याचे पातळ थर बनवितात. तो थर खऱ्या हिऱ्याचा कीं नुसत्या ग्रॅफाइटचा, हें कसें ओळखावें? त्यावर प्रकाश टाकून रामन-वर्णपटांत १३३२ या अंकापाशीं रेषा उमटते कीं काय, तें पाहतात. ती ठळक उमटली म्हणजे हिरा.

हिऱ्याविषयींचें त्यांचें मत हिऱ्यानेंच खोडून काढलें. तथापि हिऱ्याची पारख आजही त्यांच्याच नांवाच्या रेषेनें होते. एका चुकीनें खचून जाणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनीं हें अवश्य ध्यानीं धरावें.