केप्लरच्या आठ कला

स्मरणिकेच्या वाचकांपुढे जर्मन ज्योतिर्विद योहान केप्लर (१५७१-१६३०) याचे चरित्र आम्ही मुद्दाम ठेवीत आहोत. टायको ब्राहे याच्या वेधांवरून मंगळाची कक्षा वर्तुळ मानून गणित करता आठ कलांचा फरक राहिला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. दुसऱ्याने तो सोडून दिला असता. केप्लरने सारी आकडेमोड बाजूस सारली. पुढे अंडाकृतीही फसली, तेव्हा कोठे दीर्घवर्तुळ हाती आले. १६०९ च्या ग्रंथात त्याने चुकलेल्या वाटाही छापल्या. १५९६ मधील आपला तरुणपणीचा ग्रंथ १६२१ साली त्याने पुन्हा काढला, तो मूळ मजकूर तसाच ठेवून, टिपांत स्वतःच्या चुका दाखवून! आम्ही मात्र मुलांच्या वहीत खाडाखोड दिसताच छडी उगारीत असू.