सतरा मठांची तेरेसा



‘मला भावलेली थोर व्यक्ती’ हा विषय संपादक मंडळाने ग्रुपवर टाकला आणि पहिल्या तासाभरातच शिवाजी महाराज, बाबासाहेब, सावित्रीबाई यांची नोंदणी झाली. मी नुसतं ‘तेरेसा’ लिहिलं. लगेच दोघांनी मदर तेरेसांचा फोटो टाकला. त्या नव्हेत. मदर तेरेसांनी आपलं नाव घेतलं ते फ्रान्समधल्या लिझिय गावच्या तेरेझवरून. ही तेरेझ ज्या पंथाच्या मठात राहिली, त्या पंथाची घडी नव्याने बसवणारी बाई म्हणजे माझी तेरेसा, स्पेनमधल्या आविला शहरातली. जन्म २८ मार्च १५१५. मुक्ताई-जनाईला आपण एकेरीत हाक मारतो, तशीच मी हिलाही मारणार आहे.

सरांनी आपल्याला युरोपातली धर्मसुधारणा शिकवली तेव्हा मार्टिन ल्यूथरवर टीप हमखास यायची. १५१७ मध्ये ल्यूथरने चर्चला आव्हान दिलं तेव्हा तेरेसा दोन वर्षांची होती. पुढे तिनेही धर्मात सुधारणाच केली, पण चर्च न सोडता. म्हणून असेल, ती टिपेत आली नाही.

माझी तिची गाठ पडली ती कामामुळे. मी वाशीत खरेदीखतं, भाडेकरार, नोंदणी यांची कामं करते. आपल्या बॅचमधल्या निम्म्या घरांत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची फाईल आहे, तेव्हा हे काम काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. एका संस्थेचे कागद करताना तिथल्या वयस्कर धर्मभगिनींनी मला तेरेसाने लिहिलेलं मठस्थापनेचं पुस्तक वाचायला दिलं. देवाधर्माचं असेल म्हणून उघडलं. निघालं घरमालक, जामीनदार, परवाने, गळकी छपरं आणि अर्धवट कागदपत्रं यांचं.

तिचे आजोबा हुआन सांचेझ टोलेडोचे कापडाचे व्यापारी, मूळचे ज्यू. धर्मांतरानंतरही गुपचूप जुना धर्म पाळल्याबद्दल १४८५ मध्ये त्यांना इन्क्विझिशनपुढे कबुली द्यावी लागली. शिक्षेचा झगा घालून चर्चमागून चर्च असं त्यांना शहरभर फिरवलं गेलं. मग कुटुंब आविलाला आलं, पैसा खर्च करून कोर्टातून कुलीनपणाचा निकाल मिळवला आणि जुनं सगळं झाकलं गेलं. ते इतकं की अभ्यासकांच्या हाती हे कागद लागले ते १९४६ मध्ये. स्पेनमध्ये तेव्हा रक्त शुद्ध की अशुद्ध यावर माणसाची पायरी ठरत होती. आपल्याकडे हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत.

विसाव्या वर्षी, १५३५ मध्ये, ती आविलाच्या एन्कार्नासिओन मठात दाखल झाली. हा कार्मेल पंथाचा मठ. पॅलेस्टाइनमधल्या कार्मेल डोंगरावरच्या जुन्या तपस्व्यांपासून पंथाचं नाव आलं. एन्कार्नासिओनमध्ये मात्र दीडशेच्या वर बायका होत्या. श्रीमंतांच्या मुलींना स्वतंत्र खोल्या आणि दासी, गरिबांच्या मुलींना सामायिक निजायची खोली. मोठ्या घरच्यांना ‘दोन्या’, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचं. अन्न पुरायचं नाही म्हणून नातेवाइकांकडे राहायला जायची मुभा आणि बैठकीत दिवसभर पाहुणे. तेरेसा आधी भयंकर आजारी पडली. १५३९ मध्ये चार दिवस बेशुद्ध होती, मठात कबरही खणून तयार होती. त्यातून उठली, पण जवळजवळ तीन वर्षं तिचे हातपाय धड चालत नव्हते. त्यानंतर बरीच वर्षं बैठकीतल्या गप्पा आणि प्रार्थना यांच्यात तिची ओढाताण चालली.

पंचेचाळिशीच्या आसपास तिने ठरवलं, एक लहान मठ काढायचा. तेराच जणी, पुढे ही मर्यादा एकवीसवर गेली. बाहेर जाणं नाही, भेटायला आलेल्यांशी जाळीआडून बोलणं. मांसाहार नाही, गवताची गादी, पायात दोरीच्या वहाणा. दासी नाहीत. स्वयंपाक आणि झाडलोट सगळ्यांनी पाळीपाळीने करायची, मठप्रमुखबाईंनीसुद्धा. सूत कातून मिळेल ते आणि लोक देतील ते. ‘दोन्या’ बंद. वडील कोण, कुळ कोणतं, ही चर्चाच बंद. रोज दोन तास मौन प्रार्थना, आणि जेवणानंतर एकत्र बसून हसणं-बोलणं, तेही नियमात लिहिलेलं. बंद दाराआडचं जिणं आपल्याला कोंडवाडा वाटतं. मलाही पुस्तकाची पहिली पन्नास पानं तसंच वाटत होतं. पण ज्या काळी बाईला बाप, नवरा किंवा भाऊ यांच्यापैकी कुणाच्या तरी हुकमात राहावं लागे, त्या काळी आतून कडी लावता येणारं दार बायकांच्या हाती येणं ही लहान गोष्ट नव्हती.

घर घेतलं बहिणीच्या आणि मेहुण्याच्या नावाने. त्यांनी आविलात राहायला यायचं, दुरुस्ती चालू ठेवायची, कुणाला संशय येऊ द्यायचा नाही. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. पैसे आले दक्षिण अमेरिकेत कीतो इथे असलेल्या भावाकडून, लोरेन्सोकडून. २४ ऑगस्ट १५६२ रोजी चार जणींना वस्त्रं देऊन सान होसे मठ सुरू झाला आणि शहरात बोंब उठली. नगरपालिकेने दावा लावला. त्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. आविलात आधीच मठ पुष्कळ, दान देणारे हात तेवढेच, आणि ही बाई ठरलेलं उत्पन्न न घेता आणखी एक मठ काढते. दावा रेंगाळला, मठ टिकला. तिथली पाच वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात निवांत होती.

१५६७ मध्ये पंथाचे प्रमुख रोमहून आले, त्यांना सान होसे आवडला, त्यांनी असे आणखी मठ काढायचा परवाना दिला. तेरेसा बावन्न वर्षांची. तिथून मरेपर्यंत ती खेचरांच्या झाकलेल्या गाडीत. इतरांना एका जागी शांत बसता यावं म्हणून स्वतः पंधरा वर्षं रस्त्यावर.

पहिला मुक्काम मेदिना देल काम्पो. मध्यरात्री पोचल्या. दुसऱ्या दिवशीच्या झुंजीसाठी गावात बैल आणले जात होते. त्यांच्या वाटेतून या नन आणि दोनतीन धर्मगुरू वेदीचं सामान घेऊन पायी निघाल्या. घर पाहिलं तर भिंती पडलेल्या. रात्रीतून कचरा उपसला, पडदे टांगले, पहाटे घंटा वाजवून मठ सुरू. उजेड झाल्यावर कळलं की वेदी थेट रस्त्यावरून दिसते आहे. तिने राखणीला माणसं ठेवली आणि ती झोपतील या भीतीने स्वतः रात्री उठून चांदण्यात खिडकीतून बघत राहिली. याच गावात तिला पंचवीस वर्षांचा एक बुटका तरुण धर्मगुरू भेटला, हुआन दे ला क्रूझ. पुढे तो स्पॅनिशमधला मोठा कवी ठरला. पुरुषांच्या मठांमध्ये तिची सुधारणा त्याने नेली.

टोलेडोला १५६९ मध्ये परवाना मिळेना. शेवटी तिने अधिकाऱ्याला चर्चमध्ये गाठलं आणि तोंडावर ऐकवलं. त्याने तिथेच मंजुरी दिली. गाठीला तीनचार सोन्याची नाणी होती. त्यात दोन चित्रं, दोन गवताच्या गाद्या आणि एक घोंगडी आली. मोठमोठ्यांना घर सापडेना, ते फाटक्या कपड्यांतल्या एका विद्यार्थ्याने मिळवून दिलं. पहिल्या दिवसांत तारली भाजायला काटकी नव्हती. पैसा उभा राहिला एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून. शहरातल्या खानदानी मंडळींना हे खपेना, कारण देणगीदाराला मठाच्या चर्चमध्ये दफनाचा मान मिळतो. तेरेसाने व्यापाऱ्याचा मान राखला. हुआन सांचेझची नात आणि तेच टोलेडो! हा प्रसंग मी दोनदा वाचला.

सालामांकात विद्यार्थी राहून गेलेलं घर मिळालं, म्हणजे काय अवस्था असेल ती कल्पना करा. पितरांची रात्र, गावभर घंटा, आणि सोबतच्या ननला वाटे एखादा विद्यार्थी घरात लपून बसला असेल. मी आत्ता इथे मेले तर तुम्ही एकट्या काय कराल, असं तिने विचारलं. तेव्हाचं तेव्हा बघू, आत्ता झोपू दे, अशा अर्थाचं काहीतरी तेरेसा म्हणाली.

सेव्हिलचं प्रकरण मात्र आमच्या कार्यालयात लावून ठेवावं असं आहे. १५७५ चा उन्हाळा, तेरेसाला ताप. वाटेत कोर्दोबाचा पूल ओलांडायला वेगळी परवानगी, ती मिळाली तर गाड्या फाटकातून जाईनात, म्हणून करवतीने कापाव्या लागल्या. सेव्हिलमध्ये इन्क्विझिशनकडे तक्रार गेली, चौकशी झाली. भाऊ लोरेन्सो नेमका याच वेळी अमेरिकेहून परतला म्हणून घर घेता आलं. पण खरेदीखतात विक्रीकराच्या कलमात लेखनिकाने घोळ घातला, आणि जामीन राहिलेल्या लोरेन्सोला अटक टाळायला लपून बसावं लागलं. साडेचारशे वर्षांत आमच्या धंद्यात नवीन काही घडलेलं नाही.

त्यानंतरची चार वर्षं वाईट गेली. पंथातल्या जुन्या गटाने तिला एका मठात बसून राहायचा हुकूम काढला. हुआनला पकडून टोलेडोच्या एका अंधाऱ्या खोलीत कोंडलं, तो आठनऊ महिन्यांनी पळाला. तेरेसा जिन्यावरून पडली, डावा हात मोडला, तो पुन्हा नीट झाला नाही. तरी १५७७ च्या त्याच वर्षी तिने ‘अंतरीचा किल्ला’ हे तिचं सर्वात मोठं मानलं जाणारं पुस्तक सहा महिन्यांत लिहिलं. १५८० मध्ये रोमने सुधारित मठांना वेगळा प्रांत दिला आणि पासष्टीची बाई पुन्हा गाडीत बसली.

आपल्या बाजूला हे वारं जरा उशिरा आलं. जुन्या गोव्यात बायकांचा पहिला बंदिस्त मठ, सांता मोनिका, १६०६ मध्ये सुरू झाला, पण तो ऑगस्टिन पंथाचा. तेरेसाच्या पंथाच्या नन फ्रान्सहून समुद्रमार्गे मंगळूरला आल्या त्या १८७० मध्ये.

तिचा शेवटचा मठ बुर्गोसचा, १५८२. पुरातून गाड्या नेल्या, पूल पाण्याखाली होता. आर्चबिशपने आधी या म्हटलं होतं, आल्यावर परवाना रोखला. काही आठवडे त्या एका इस्पितळाच्या माळ्यावर राहिल्या. एप्रिलमध्ये मंजुरी आली. स्वतः जाऊन आणि दोन वेळा माणसं पाठवून उभे केलेले असे हे सतरा मठ.

परतीला तिला आविलाला, आपल्या पहिल्या घरी जायचं होतं. वरिष्ठांनी आल्बा दे तोर्मेसला वळवलं, तिथल्या सरदार घराण्यात बाळंतपण होतं आणि त्यांना ती जवळ हवी होती. ती पोचली ती रक्तस्रावाने खंगलेली. ४ ऑक्टोबरच्या रात्री गेली. पंचांगाची सुधारणा त्याच रात्रीपासून लागू झाली, मधले दहा दिवस गाळले गेले. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मठाच्या चर्चमध्ये पुरलं तेव्हा तारीख होती १५ ऑक्टोबर.