गाडगेबाबा : निराधारांचे वाली



दरवर्षी २० डिसेंबरला आपल्या शाळेत संत गाडगेबाबांच्या प्रतिमेस हार घातला जातो व मुले मैदान झाडतात. खराटा हातात घेतला की बाबांचे स्मरण झाले, असे आपण मानतो. परंतु बाबांच्या कार्याची दुसरी बाजूही तेवढीच मोठी आहे. ती म्हणजे म्हातारे, आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी व निराधार माणसांचा सांभाळ. या अंकात आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूच्या व्यसनात गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला भावाच्या आश्रयाला आल्या. तेथे डेबूजींनी गुरे राखली, शेती केली. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. आधार तुटलेल्या घराचे काय होते, हे मात्र त्यांनी बालपणीच पाहिले.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचे गाडगे एवढाच त्यांचा संसार. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडायची. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, मुलांना शिकवा, हे ते साध्या वऱ्हाडी बोलीत पटवून देत. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलत्या एका मुलाच्या निधनाची बातमी आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही.

यात्रेच्या गावी गोरगरिबांचे हाल होत. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना तर निवारा मिळणेही कठीण. म्हणून १९१७ साली बाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभारली. पुढे नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या. अपंगांसाठी सदावर्त सुरू झाले. कुष्ठरोग्यांना ते स्वतःच्या हाताने जेवू घालत.

या सर्व कामात बाबांची एक पद्धत दिसते. ते एकट्याने काही करत नसत. पैसा लोकांचा, कारभार विश्वस्तांचा आणि बाबा स्वतः निर्लेप. १९४९ मध्ये त्यांनी पंढरपूरची धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्यालाही त्यांनी साहाय्य केले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. १९५४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. औषधोपचार रुग्णालयाने करावा, निवारा धर्मशाळेने द्यावा आणि खर्चाला समाजाने हात लावावा, अशी ही जोडणी. यातील एक कडी तुटली तरी खेड्यातला रोगी अर्ध्यावर उपचार सोडून गावी परततो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते.

हे सर्व आम्ही का सांगत आहोत? काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतील एक मुलगा वारंवार गैरहजर राहू लागला. आम्ही हजेरीपटावर लाल शाईने खुणा केल्या, पालकांना चिठ्ठी पाठवली आणि मोकळे झालो. आईवडील दोघेही कामाला जात. घरी आजी होती आणि तिला विस्मरणाचा आजार होता. तिला सांभाळायला मुलगा घरी थांबत असे. आजी वाट चुकते हे शेजाऱ्यांना माहीत होते, औषध चुकते हे डॉक्टरांना माहीत होते आणि मुलगा शाळेत येत नाही हे आम्हाला. तिघांनी एकत्र बसून विचार केला नाही. एके संध्याकाळी आजी रेल्वे रुळाजवळ सापडली, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. सुदैवाने ती वाचली. दोष आमचाही होता.

खान्देशातून पोटासाठी सुरतेत आलेल्या आपल्या समाजात अशी घरे थोडी नाहीत. पूर्वी गावात भाऊबंदकी होती, गल्ली होती. येथे एका खोलीत संसार आणि दोन पाळ्यांत काम. म्हणून शाळा, शेजार, दवाखाना, मंडळ व पोलीस यांनी एकमेकांशी बोलणे आवश्यक आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. २००७ च्या कायद्यानुसार वृद्ध आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्चासाठी न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. ते स्वतः अर्ज करू शकत नसतील तर त्यांच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही तो करू शकते. ही माहिती घरोघरी पोचवावी.

नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबांनी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात कीर्तन केले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांची प्राणज्योत मालवली.

यंदाच्या पुण्यतिथीला मैदान तर झाडूच. त्याबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गल्लीत एकटे राहणारे आजी-आजोबा कोण आहेत हे घरी विचारावे व वर्गशिक्षकांना सांगावे. पुढचे काम आम्ही, पालक व मंडळ मिळून करू. बाबांना हीच खरी आदरांजली ठरेल.

आपले,
मुख्याध्यापक
नवागाम, सुरत