क्रिस्टी मॅथ्यूसन : एका खेळाडूचे मोल

सोन्याची परीक्षा कसोटीच्या दगडावर होते. पण मनुष्याची परीक्षा कशावर करावी, हा प्रश्न फार जुना आहे. व्यापारी, सेनापती, शिक्षक आणि आईबाप या सर्वांस तो आपापल्या परीने सोडवावा लागतो, आणि पुष्कळदा त्यांचा निर्णय चुकतो. ज्या धंद्यात ही पारख उघड्या मैदानावर चालते आणि तिचे बरेवाईट फळ सर्व जगास दिसते, अशा एका धंद्यातील थोर पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. हा पुरुष म्हणजे अमेरिकेतील बेसबॉल खेळाडू क्रिस्टी मॅथ्यूसन होय.

आमच्या विद्यार्थ्यांस क्रिकेटचा परिचय आहे, बेसबॉलचा नाही. म्हणून प्रथम दोन शब्द त्या खेळाविषयी. यात प्रत्येक संघात नऊ गडी असतात. चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. तो ६० फूट ६ इंच अंतरावरून, टप्पा न पाडता, फलंदाजाकडे चेंडू फेकतो. फलंदाजाने चेंडू टोलवून चार बेसांची फेरी पुरी केली म्हणजे एक धाव होते. पिचरने चार चेंडू भलतीकडे फेकले, तर फलंदाजास पहिला बेस आयता मिळतो. यास वॉक म्हणतात. क्रिकेटमधील गोलंदाज षटक संपताच विसावा घेतो. परंतु मॅथ्यूसन यांच्या काळी एकच पिचर बहुधा संपूर्ण सामना एकट्याच्या हाताने पार पाडीत असे. त्यामुळे अजिंक्यपदाची आकांक्षा धरणाऱ्या संघाची सारी भिस्त दोन-तीन पिचरांवर राही. कोणता पिचर ठेवावा, कोणता द्यावा आणि त्याच्या बदली कोण घ्यावा, याची घासाघीस संघांच्या चालकांत नेहमी चाले. या व्यवहारात खुद्द खेळाडूस कोणी विचारीत नसे. करार संपला तरी तो आपल्या क्लबास बांधलेलाच राही. ही पद्धत १९७५ साली मोडली.

मॅथ्यूसन यांचा जन्म १२ ऑगस्ट १८८० रोजी पेन्सिल्व्हेनिया संस्थानातील फॅक्टरीव्हिल या लहानशा गावी झाला. गावच्या कीस्टोन अकॅडमीत शिक्षण झाल्यावर ते ल्यूइसबर्ग येथील बकनेल विद्यापीठात दाखल झाले. तेथे ते केवळ खेळाडू म्हणून प्रसिद्ध नव्हते. आपल्या वर्गाचे ते अध्यक्ष होते, वाङ्मय मंडळाचे सभासद होते आणि वाद्यवृंदातही वाजवीत. अंगाने धिप्पाड, वर्णाने गोरे व वृत्तीने शांत असा हा तरुण होता. त्या काळी धंदेवाईक बेसबॉल खेळाडूंची ख्याती बरी नव्हती. मद्यपान, शिवीगाळ व जुगार यांच्याशी त्यांचे नाव जोडले जाई. विद्यापीठात शिकलेल्या मुलाने त्या धंद्यात शिरावे, ही गोष्ट तेव्हा क्वचितच घडे.

१९०० साली व्हर्जिनियातील नॉरफोक संघाकडून खेळताना त्यांनी २० सामने जिंकले व अवघे २ गमावले. हे पाहून न्यू यॉर्क जायंट्स या मोठ्या संघाने त्यांस उचलले. तेथे त्यांनी ६ सामन्यांत भाग घेतला, त्यांपैकी ३ पराभव त्यांच्या नावावर पडले व विजय एकही लाभला नाही. हंगाम संपताच जायंट्सनी त्यांस नॉरफोककडे परत धाडले. नंतर सिनसिनाटी रेड्स या संघाने अवघे १०० डॉलर भरून त्यांच्यावर हक्क मिळविला, आणि १५ डिसेंबर १९०० रोजी त्यांची अदलाबदल करून त्यांस पुन्हा जायंट्सच्या स्वाधीन केले. बदल्यात रेड्सना मिळाले एमॉस रूझी.

रूझी यांचे नाव तेव्हा दिगंत गाजलेले होते. त्यांनी मोठ्या संघांत २४५ सामने जिंकले होते. त्यांच्या चेंडूचा वेग असा भयंकर की, १८९३ साली पिचरचे अंतर ५० फुटांवरून ६० फूट ६ इंचांवर नेण्यात आले, त्याचे एक कारण रूझीच होत, असे पुष्कळांचे मत आहे. परंतु १८९८ साली त्यांच्या बाहूस दुखापत झाली होती, आणि १८९९ व १९०० ही दोन्ही वर्षे ते मैदानात उतरलेच नव्हते. नाव मोठे होते, पण ते पूर्वीच्या पराक्रमाचे होते. रेड्सकडून ते १९०१ साली केवळ ३ सामने खेळले, एकही जिंकू शकले नाहीत, आणि त्यांची कारकीर्द तेथेच संपली. उलट मॅथ्यूसन यांनी आयुष्यात ३७३ सामने जिंकले. त्यांपैकी ३७२ जायंट्ससाठी. इतकी विषम अदलाबदल बेसबॉलच्या इतिहासात विरळाच. रेड्सचे मालक जॉन ब्रश हे पुढे लवकरच, १९०२ साली, जायंट्सचे मालक झाले. त्यामुळे हा सौदा अज्ञानाचा की धूर्तपणाचा, अशी शंका पुढे अनेकांनी घेतली आहे.

रूझी यांस हसण्याचे मात्र कारण नाही. दंडाच्या रकमेवरून मालकाशी बिनसल्यामुळे ते १८९६ चे सबंध वर्ष घरी बसले होते. स्वाभिमान राखणारा तो गृहस्थ होता. बेसबॉलच्या सन्मान मंदिरात त्यांसही १९७७ साली, मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, स्थान मिळाले.

गुणी मनुष्य हाती आला तरी त्याचा उपयोग कळावयास हवा. १९०१ साली मॅथ्यूसन यांनी २० सामने जिंकले. तरीही १९०२ च्या आरंभी संघाचे व्यवस्थापक होरेस फोगेल यांनी त्यांस काही सामन्यांत पहिल्या बेसवर व बाह्य क्षेत्रात उभे करून पाहिले! त्याच वर्षी जुलै महिन्यात जॉन मग्रॉ हे नवे व्यवस्थापक आले. त्यांनी हा खुळेपणा बंद केला. तळास गेलेला तो संघ १९०४ साली नॅशनल लीगचा विजेता झाला. मॅथ्यूसन यांनी १९०३, १९०४ व १९०५ या तीन वर्षांत अनुक्रमे ३०, ३३ व ३१ सामने जिंकले, आणि १९०८ साली तर ३७.

त्यांच्या यशाचे बीज कशात होते? वेग त्यांच्यापाशी होता, पण त्यांची मदार वेगावर नव्हती. त्यांचा ‘फेड-अवे’ नावाचा चेंडू नेहमीच्या वळणाच्या उलट दिशेस वळे व उजव्या हाताच्या फलंदाजाकडे आत येई. हा चेंडू मनगटास फार पिळवटून टाकणारा असल्यामुळे ते तो बेताने वापरीत. सारी शक्ती प्रत्येक चेंडूत ओतावयाची नाही, ती प्रसंगासाठी राखून ठेवावयाची, हे त्यांचे सूत्र होते, आणि १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्याचे विवेचन केले. दुसरा गुण म्हणजे ताबा. १९१३ साली त्यांनी ३०६ डाव टाकले आणि अवघे २१ वॉक दिले. त्यांत सलग ६८ डाव असे गेले की एकही वॉक नाही! प्रतिस्पर्ध्यास फुकट काही द्यावयाचे नाही, आणि आपलेही फुकट काही दवडावयाचे नाही, असा हा संयम होता. ऑक्टोबर १९०५ मधील जागतिक मालिकेत त्यांनी सहा दिवसांत तीन संपूर्ण सामने टाकले, आणि तिन्हींत फिलाडेल्फियाच्या संघास एकही धाव करू दिली नाही.

परंतु आकडेही फसवितात, याचे उदाहरण त्यांच्याच चरित्रात आहे. १९१२ च्या जागतिक मालिकेत बॉस्टनविरुद्ध त्यांनी तीन सामने टाकले. एक बरोबरीत सुटला, आणि दोन एकेका धावेने गेले. अखेरच्या सामन्याच्या दहाव्या डावात संघातील क्षेत्ररक्षकाच्या हातून एक सोपा झेल सुटला व अजिंक्यपद निसटले. वहीत नोंद झाली ती ‘विजय शून्य, पराभव दोन’ एवढीच. ज्याने ती वहीच वाचली, त्यास त्या पिचरची योग्यता कळली असे म्हणता येईल काय?

मॅथ्यूसन यांचे शील त्यांच्या खेळाइतकेच प्रसिद्ध होते. रविवारी खेळणार नाही, असे वचन त्यांनी मातोश्रींस दिले होते, आणि धंद्याच्या भरभराटीतही ते पाळले. खेळाडूंस उतरू न देणाऱ्या मोठमोठ्या हॉटेलांची दारे त्यांच्यासारख्यांमुळे पुढे उघडली.

वयाची छत्तिशी आली तेव्हा हात थकला. २० जुलै १९१६ रोजी त्यांची दुसरी अदलाबदल झाली. मॅथ्यूसन, एड राऊश व बिल मकेक्नी हे तिघे सिनसिनाटीस गेले, व बदल्यात बक हर्झॉग आणि वेड किलिफर हे दोघे न्यू यॉर्कला आले. मात्र या वेळी बाहूची किंमत झाली नाही, बुद्धीची झाली. त्यांस व्यवस्थापकपद मिळावे म्हणूनच मग्रॉ यांनी त्यांस जाऊ दिले. गेलेल्या तिघांनाही पुढे सन्मान मंदिरात स्थान मिळाले! पिचर म्हणून ते रेड्ससाठी एकच सामना खेळले व तो जिंकले.

तेथेच त्यांच्यावर खरा कठीण प्रसंग आला. संघातील हाल चेस हा पहिल्या बेसवरील अत्यंत कुशल खेळाडू पैशासाठी मुद्दाम वाईट खेळतो, असा त्यांस संशय आला. ऑगस्ट १९१८ मध्ये त्यांनी त्यास निलंबित केले. कसलेला गडी गमावणे संघास परवडणारे नव्हते, पण त्यांनी त्याची तमा बाळगली नाही. त्यानंतर लगेच ते सैन्यात कॅप्टन म्हणून दाखल झाले व फ्रान्सला गेले. त्यांच्या गैरहजेरीत चौकशी होऊन १९१९ च्या आरंभी चेस निर्दोष ठरला, आणि अजिंक्यपदाच्या आशेने त्यास आपल्या संघात घेतले ते खुद्द मग्रॉ यांनी! तो हंगाम पुरा होण्यापूर्वीच चेस संघाबाहेर गेला आणि मोठ्या संघांत पुन्हा कधीच दिसला नाही. मॅथ्यूसन यांस प्रथम ओळखणाऱ्या पारख्याची नजर येथे केवळ कौशल्यावर खिळली आणि फसली.

फ्रान्समध्ये ते विषारी वायूचा सामना करणाऱ्या दलात होते. तेथे प्रशिक्षणाच्या वेळी वायू त्यांच्या फुफ्फुसांत गेला, असे सांगतात. १९२० साली क्षयाचे निदान झाले, व सॅरानॅक लेक येथील आरोग्यधामात त्यांनी दीर्घकाळ धीराने रोगाशी झुंज दिली. किंचित बरे वाटताच १९२३ साली त्यांनी बॉस्टन ब्रेव्ह्ज संघाचे अध्यक्षपद स्वीकारले. ७ ऑक्टोबर १९२५ रोजी, जागतिक मालिका सुरू झाली त्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोन्ही संघांतील खेळाडूंनी दंडावर काळ्या फिती बांधल्या. ल्यूइसबर्ग येथे, आपल्या विद्यापीठाजवळच, ते चिरविश्रांती घेत आहेत. १९३६ साली सन्मान मंदिरासाठी पहिले पाच खेळाडू निवडण्यात आले; त्यांत मॅथ्यूसन होते, आणि पाचांपैकी दिवंगत असे ते एकटेच होते.

विद्यार्थी मित्रहो, वीस वर्षांच्या त्या मुलास तीन पराभवांनंतर परत धाडण्यात आले होते, हे तुम्ही ध्यानात ठेवावे. आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, प्रगतिपुस्तकातील तीन वाईट आकडे पाहून आपल्या मुलाचा भाव ठरवू नये. गतवर्षीचे नाव, आजचे गुण आणि अंगातील चलाखी ही सारी मापे खरी आहेत, पण अपुरी आहेत. एखादे मूल आपले बळ राखून वापरते काय, दिलेला शब्द पाळते काय आणि पाहणारे कोणी नसतानाही सचोटीने खेळते काय, हेही पाहावयास हवे. त्यास वेळ लागतो. मॅथ्यूसन यांच्या बाबतीत ज्यांनी तो वेळ दिला, त्यांचे नुकसान झाले नाही.