न खचलेला माणूस : वाल्डेमार हाफकिन



2020 आणि 2021 ही दोन वर्षे आपण विसरू शकत नाही. चर्चची दारे बंद झाली, शाळा मोबाईलवर आली, आणि काही घरांतील आजी-आजोबा इस्पितळात गेले ते परत आलेच नाहीत. मोठ्यांनी एकमेकांशी बोलून मन हलके केले. मुलांनी मात्र बरेच काही मनातच ठेवले. संकटात खचू नये, असे आपण त्यांना सांगतो. पण म्हणजे नेमके काय करायचे? ते उपदेशापेक्षा एखाद्या माणसाच्या आयुष्यावरून लवकर कळते. म्हणून आज आपण वाल्डेमार हाफकिन यांची ओळख करून घेऊ या. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे.

हाफकिन यांचा जन्म 1860 साली ओडेसा येथे एका यहुदी कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते. प्राणिशास्त्र शिकले होते. यहुद्यांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा आपल्या लोकांच्या रक्षणासाठी ते उभे राहिले व त्यापायी त्यांना अटकही झाली. धर्म बदलला असता तर विद्यापीठात बढती मिळाली असती, पण त्यांनी ते नाकारले. शेवटी देश सोडून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तिथे सुरुवातीला काम मिळाले ते ग्रंथालयात. फावल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत. त्यातूनच कॉलऱ्याची लस तयार झाली आणि 18 जुलै 1892 रोजी तिची पहिली सुई त्यांनी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले आणि त्यांनी हजारो लोकांना ही लस दिली.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. तो प्रथम ओळखला मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. लोक गावाकडे पळू लागले. सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक छोटी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. रात्रंदिवस काम चालले. एक सहायक ताणाने आजारी पडला, इतर सोडून गेले. तरी तीन महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते बरे झाले. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली. ज्यांनी ती घेतली, त्यांच्यात प्लेगची लागण कमी झाली. आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेऊन आपल्या समाजाची भीती घालवली. पुढे लक्षावधी लोकांनी ती घेतली.

गोष्ट इथेच संपवण्याचा मोह आपल्याला होतो. पण मुलांना सांगण्यासारखा भाग यापुढेच आहे.

ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावात 107 जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांचे पद गेले, नाव खराब झाले आणि ते भारत सोडून गेले. खरे पाहता बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मुंबईतून बाटली निघाली तेव्हा ती स्वच्छ होती, हे पटवून देण्यात त्यांची काही वर्षे गेली. मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले. 1907 साली ते निर्दोष ठरले. ते पुन्हा भारतात आले, पण मुंबईची जागा आता दुसऱ्याकडे होती. त्यांनी कलकत्त्यात काम घेतले. पूर्वीचा अधिकार मिळाला नाही, तरी निवृत्तीपर्यंत ते काम करीत राहिले. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. 1930 साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

पालकांनो, ही गोष्ट सांगताना ती मधली पाच वर्षे गाळू नका. आपल्या मुलांनाही कधीतरी न केलेल्या चुकीचा ठपका सोसावा लागेल, परीक्षेत अपयश येईल, जवळचे माणूस जाईल. खचू नये याचा अर्थ रडू नये असा नाही. दुःख झाले तर ते आपल्या माणसांना सांगावे, खरे काय ते शांतपणे मांडत राहावे, मदतीचा हात पुढे आला तर तो धरावा, आणि हातचे काम सोडू नये. हाफकिन यांची सुरुवातीची जागा पुन्हा मिळाली नाही. मिळेल त्या जागेवरून त्यांनी काम चालू ठेवले.

आज जेवायला सर्वजण एकत्र बसाल तेव्हा मुलांना ही गोष्ट सांगा. मग त्या दोन वर्षांत त्यांना सर्वात जड काय गेले, ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.