मोबाइलच्या बॅटरीतलं लिथियम आणि डॉ. केड

कट्ट्यावर एखाद्याचा मूड सकाळी एक आणि दुपारी दुसरा दिसला, की आपण बिनधास्त म्हणून टाकतो, हा बायपोलर आहे! पण खरा बायपोलर आजार असा तासातासाला बदलत नाही. त्यात काही दिवस, काही आठवडे मन नुसतं उधाणलेलं असतं, झोप लागत नाही, पैसा पाण्यासारखा जातो. मग कधीतरी असं नैराश्य येतं, की महिनोन् महिने अंथरुणातून उठावंसंही वाटत नाही. या आजाराला पहिल्यांदा लगाम घालणारा माणूस तुम्हाला माहीत असायला हवा. त्याचं नाव जॉन केड.

केड यांचा जन्म १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियातला. वडील मनोरुग्णालयात डॉक्टर, त्यामुळे पोराचं बालपण तिथल्याच आवारात गेलं. मनोरुग्ण म्हटलं की लोक दचकतात. केडसाठी ती रोजची ओळखीची माणसं होती. पुढे ते स्वतः डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं आणि त्यांची साडेतीन वर्षं चांगीच्या जपानी युद्धकैद्यांच्या छावणीत गेली. मनाच्या आजाराचं मूळ शरीरातही असू शकतं, हा विचार घेऊन ते घरी परतले.

मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयात त्यांनी काम सुरू केलं. प्रयोगशाळा कसली, वापरात नसलेली स्वयंपाकघरामागची एक खोली! रुग्णांच्या लघवीच्या बाटल्या तर त्यांनी घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. उन्मादाच्या रुग्णाच्या लघवीत काही विष असतं का, हे ते गिनी पिगवर तपासत होते. त्यासाठी लागणारं युरिक आम्ल पाण्यात नीट विरघळेना, म्हणून त्यांनी त्याचा लिथियमबरोबरचा क्षार वापरला. आणि प्राणी चक्क शांत झाले! (ती शांतता म्हणजे कदाचित औषधाची बाधाच असावी, असं आज अनेकांना वाटतं.) मग केड यांनी लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिलं.

मार्च १९४८ मध्ये एका ५१ वर्षांच्या रुग्णाला ते सुरू झालं. गेली पाच वर्षं हा माणूस उन्मादात होता. जुलैमध्ये तो घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजूही झाला. १९४९ मध्ये केड यांनी दहा उन्मादग्रस्त रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले.

पण तुमच्या-माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. त्या पहिल्या रुग्णाला वाटलं, आता आपण ठणठणीत आहोत, गोळी कशाला? त्यानं ती बंद केली आणि काही आठवड्यांत आजार परतला. औषध पुन्हा सुरू झालं, पण १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं तो गेला. रक्तातलं प्रमाण मोजून डोस ठरवण्याची पद्धत तेव्हा नव्हती. हादरलेल्या केड यांनी हे औषध वापरणं थांबवलं.

पुढचं काम इतरांनी केलं. रक्तातलं लिथियम मोजायला सुरुवात झाली. डेन्मार्कच्या मोगेन्स स्को यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं, की गोळी गुपचूप बदलून बिनऔषधाची दिली, तर पाच महिन्यांत निम्म्याहून अधिक जणांचा आजार उलटतो. ज्यांची खरी गोळी चालू होती, त्यांच्यापैकी एकाचाही उलटला नाही. म्हणजे ही गोळी फक्त आलेला झटका उतरवत नाही, पुढचा झटका आणि पुढचं नैराश्यही अडवते. म्हणूनच ती बरं वाटत असतानाही घ्यायची असते. १९८० मध्ये केड गेले, तोवर लिथियम जगभर पोचलं होतं.

आज लिथियमशिवाय इतर औषधंही आहेत. कुणाला कोणतं, हे डॉक्टरच ठरवतात, कारण बायपोलरमध्ये नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. लिथियम घेणाऱ्याला रक्त, किडनी, थायरॉइड यांच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण तुमचा रूममेट रोज रात्री एक गोळी घेत असेल, तर त्याला 'आता बरा आहेस ना, सोड की' असं चुकूनही म्हणू नका. तो बरा आहे, कारण तो ती घेतोय. आणि स्वतःलाच मदत हवीशी वाटली, तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.